फिरता रंगमंच आणि आमच्या सासूबाई

यंदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ शिकवायला घेतले. लखोबा लोखंडे या इसमाची एकंदर कर्तबगारी सांगून झाली, वर्गात हशा पिकला, आणि फिरत्या रंगमंचाचा ओझरता उल्लेख करून मी पुढे सरकणार तोच मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

“मॅडम, फिरतो म्हणजे नक्की काय फिरतं?”

प्रश्न साधा होता. मी फळ्यावर एक वर्तुळ काढले, मधोमध रेघ मारली, दोन बाण दाखवले. मुलांनी ते वर्तुळ निमूटपणे वहीत उतरवून घेतले. परीक्षेत आकृतीला गुण असतात की नाहीत, एवढीच शंका एकाने विचारली. हे नाटक मी पाहिले तेव्हा पाचवी-सहावीत होते. मला लखोबाची टोपी आठवते. पायाखालची चकती मुळीच आठवत नाही.

रात्री जेवताना ही हकीकत घरात सांगितली. आमच्या सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. गुडघ्यांनी असहकार पुकारल्याला आता चार वर्षे झाली. घरात त्या वॉकर घेऊन हिंडतात आणि बाहेर जायचे तर चाकांची खुर्ची लागते. पण नाटकाचा विषय निघाला की त्यांचे गुडघे सोडून बाकी सगळे तरुण होते. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी, म्हणजे १९६८ साली, मामंजींनी त्यांना दादरला शिवाजी मंदिरात ‘तो मी नव्हेच’ दाखवले होते. संसाराच्या पुढच्या साऱ्या घटनांच्या तारखा त्या नाटकाच्या अलीकडे किंवा पलीकडे अशाच सांगतात.

“फळ्यावर काढून काय कळणार त्या पोरांना?” त्या म्हणाल्या आणि नातीला पोळपाट आणायला पिटाळले. पालथ्या वाटीवर पोळपाट ठेवला. मधोमध पंचांग उभे केले. पंचांगाच्या अलीकडे मिठाची बाटली आणि पलीकडे दोन लिंबे.

“हे मीठ म्हणजे न्यायाधीश. हे कोर्ट. साक्षीला बाई उभी राहिली, तिनं सांगायला सुरुवात केली, की...” असे म्हणून त्यांनी बोटाने पोळपाटाला झोका दिला. मिठाची बाटली मागे गेली, लिंबे पुढे आली. “हे तिचं घर! पडदा नाही, काही नाही. आपल्या डोळ्यांदेखत कोर्टाचं घर होतं आणि घराचं पुन्हा कोर्ट.”

आमची दहावीतली लेक म्हणाली, “मग ही तर सोपी आयडिया आहे.”

“सोपी वाटते. पाट कोण फिरवतंय ते बघ ना!” सासूबाई म्हणाल्या आणि आपले बोट तिच्या नाकासमोर धरले.

१९६२ साली दिल्लीत पहिला प्रयोग झालेले, मो. ग. रांगणेकरांनी बसवलेले हे नाटक मी आजवर शब्दांच्या अंगाने शिकवत आले. त्या पोळपाटाकडे पाहताना माझ्या ध्यानात आले की इथे रंगमंचाचे फिरणे ही केवळ सोय नाही, तो एक साक्षीदारच आहे. आरोपी तोंडाने म्हणतो आहे, तो मी नव्हेच. पण रंगमंच फिरतो आणि तोच माणूस वेगळ्या नावाने, वेगळ्या वेषात आपल्यासमोर येऊन उभा राहतो. प्रभाकर पणशीकर त्यात पाच रूपे घेत असत आणि प्रत्येक वेळी कपडे, मिशा, चाल, भाषा सगळे बदलावे लागे. रंगमंच फिरायला जेवढा वेळ, जवळजवळ तेवढ्यात माणूसही फिरला पाहिजे! पडदा पाडून, दिवे लावून, पाच मिनिटांनी पुन्हा उघडला असता तर प्रेक्षकांचा संशय थंड झाला असता. जुन्या नाटकांत मागे सजावट बदलायची असली की पुढचा पडदा टाकून त्याच्यासमोर एखादा विनोदी प्रवेश करून घेत. त्या प्रवेशांत पुष्कळदा विनोद कमी आणि मागची खडखड जास्त ऐकू येई. खटल्याच्या नाटकाला ते कसे परवडावे?

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन बसले. एका मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला गेलेली मी तीन आठवडे तिथेच रमले आणि रोज रात्री जे सापडेल ते जेवणाच्या टेबलावर वाढू लागले.

आधी गणित. समजा, चकती २४ फूट व्यासाची आहे. तिचा परीघ झाला साधारण ७५ फूट. कोर्टाचे घर करायला अर्धा फेरा पुरे, म्हणजे कडेवर उभा असलेला नट सुमारे ३८ फूट प्रवास करतो. तेवढ्याच वेळात नेमका मध्यावर उभा असलेला नट जागच्या जागी वळतो, एवढेच. अर्धा फेरा दहा सेकंदांत झाला, तर कडेचा वेग सावकाश चालणाऱ्या माणसाइतका भरतो. ढकलणाऱ्यांनी सुरुवातीला हिसका दिला तर कडेवरचा नट डगमगतो, टेबलावरचा तांब्या कलंडतो. म्हणून जोर हळूहळू चढवायचा आणि हळूहळू उतरवायचा. चकतीखाली चाके, मधोमध आस, वर खणांच्या भिंती. समोरच्या खणात प्रवेश रंगत असतो तेव्हा मागच्या खणात माणसे आवाज न करता खुर्च्या उचलत असतात. आणि दौऱ्यावर हिंडणाऱ्या नाटकाला हे सगळे सुटे करून गाडीत घालावे लागते आणि दुसऱ्या गावच्या उंचसखल फळ्यांवर पुन्हा समतल बसवावे लागते. घर बदलताना एक कपाट हलवताना आमच्याकडे काय रणकंदन झाले होते ते आठवून मी हात जोडले.

या विद्येचे मूळ युरोपात असेल असे मला वाटले होते. निघाले जपानात. ओसाका शहरात १७५८ साली नामिकी शोझो नावाच्या नाटककाराने काबुकीच्या रंगमंचात फिरती चकती बसवली. नाटककारानेच ती बसवावी, याचा एक मराठीची बाई म्हणून मला फार आनंद झाला. आपल्याकडच्यासारखी ती फळ्यांवर ठेवलेली नसे. फळ्यांतच कापलेली असे आणि तिचा आस खाली तळघरात उतरे. त्या अंधाऱ्या तळघरात माणसे दांड्यांना छाती लावून गोल गोल चालत आणि वर दृश्य पालटे. शिकोकू बेटावर कोतोहिरा गावी १८३५ साली बांधलेले कानामारु-झा हे नाट्यगृह अजून उभे आहे. तिथला रंगमंच अजूनही माणसेच फिरवतात.

पण मला थबकवले ते त्या तळघराच्या नावाने. जपानी लोक त्याला ‘नाराकु’ म्हणतात. हा शब्द बौद्ध धर्मग्रंथांबरोबर आपल्याच देशातून चीनमार्गे तिकडे गेला. आपला ‘नरक’! वर दिव्यांच्या प्रकाशात राजे, सरदार, अप्सरा, आणि खाली नरकात दांडा ढकलणारी माणसे.

“नाव ठेवणारा वरचाच असणार,” सासूबाई ताकाचा घोट घेत म्हणाल्या.

युरोपने ही युक्ती उचलली ती पुष्कळ उशिरा. १८९६ साली म्यूनिकमध्ये कार्ल लाउटेनश्लेगर याने तिथल्या राजनाट्यगृहात फिरता रंगमंच बसवला. त्याआधी १८८० साली न्यूयॉर्कमध्ये स्टील मॅके या उचापती गृहस्थाने तर एकावर एक असे दोन रंगमंच करून ते लिफ्टसारखे वरखाली केले आणि चाळीस सेकंदांत दृश्य बदलून दाखवले. कलकत्त्यात रंगमहाल थिएटरात १९३३ साली सतू सेन यांनी फिरता रंगमंच आणला. ही सगळी मंडळी हुशार खरी. पण ‘नरक’ शब्दाने मला जे दिले ते त्यांच्या यंत्रांनी दिले नाही, म्हणून त्यांना इथेच नमस्कार.

आतापर्यंत फिरत होता तो रंगमंच. प्रेक्षक आपल्या जागी पाय पसरून बसलेला. पण माणसाची बुद्धी एवढ्यावर थांबती तर काय! प्लिनी या रोमन ग्रंथकाराने एक हकीकत लिहून ठेवली आहे. इसवी सनापूर्वी ५२ च्या सुमारास क्युरिओ नावाच्या पुढाऱ्याने वडिलांच्या श्राद्धानिमित्त रोमच्या जनतेसाठी खेळ केले. त्याने लाकडाची दोन अर्धवर्तुळाकार प्रेक्षागृहे बांधली, एकमेकांकडे पाठ करून. दोन्हींकडे सकाळी वेगवेगळी नाटके. एकाचा गलका दुसऱ्याला नको, म्हणून ही पाठ. दुपार झाली की दोन्ही प्रेक्षागृहे खुंटांवर फिरवून समोरासमोर आणायची, की मध्ये बंदिस्त मैदान तयार आणि त्यात मल्लांच्या जीवघेण्या झुंजी! हे फिरवणे प्रेक्षक बसलेले असतानाच चाले. प्लिनीला त्या यंत्राचे कौतुक कमी आणि त्यात बसणाऱ्यांचा अचंबा जास्त. जगाला जिंकणारे हे राष्ट्र दोन खुंटांवर लोंबकळत टाळ्या वाजवते आहे, असा त्याचा संताप. शेवटच्या दिवशी ते खुंट झिजले आणि फिरवणे बंद करावे लागले.

“आणि एवढं करून वडिलांचं श्राद्ध?” सासूबाईंनी विचारले. मी होय म्हटले. “मग वडील सुटले असतील.”

या खटपटीचा शहाणा वंशज आपल्याच काळात भेटतो. चेकोस्लोव्हाकियात चेस्की क्रुमलोव्ह या गावी, किल्ल्याच्या बागेत, १९५८ साली योआन ब्रेम्स नावाच्या नेपथ्यकाराने एक छोटेसे फिरते प्रेक्षागृह उभारले. तेही सुरुवातीला माणसेच ढकलत. आज त्यात सहाशेहून अधिक लोक बसतात आणि काम विजेवर चालते. पुढच्याच वर्षी, १९५९ साली, फिनलंडमध्ये टांपेरे शहरात पुनिक्की येथे तळ्याकाठी तसेच एक प्रेक्षागृह झाले. आठशेच्या वर माणसे उघड्यावर बसतात आणि एक प्रवेश संपला की ती सगळीच्या सगळी वळतात. मघाशी समोर झाडी होती, आता तळे आले. तळ्यातून नाव येते आहे. इथले तर्कशास्त्र मला फार आवडले. तळे फिरवता येत नाही, महाल फिरवता येत नाही. म्हणून माणसे फिरवायची. डोंगर माझ्याकडे येत नसेल तर मी डोंगराकडे जावे, हे आपण ऐकले होते. खुर्चीवर बसूनच डोंगराकडे जाण्याची सोय फिनलंडने केली.

हे ऐकून सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आठशे माणसं उचलून फिरवतात?”

“हो.”

“आणि इथे मला एक खुर्ची मिळत नाही.”

याला पार्श्वभूमी आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांचा ऐंशीवा वाढदिवस झाला. काय हवे विचारले तर साडी नको, दागिना नको. “नाटकाला न्या” म्हणाल्या. चार वर्षे त्यांनी नाट्यगृह पाहिले नव्हते. आम्ही एका उपनगरातल्या नाट्यगृहात चौकशी केली. बाहेर अकरा पायऱ्या. आत उतरती जमीन, खुर्च्यांच्या रांगा जमिनीला बोल्टांनी घट्ट आवळलेल्या, दोन रांगांमध्ये गुडघा वळवायला जागा नाही. चाकांची खुर्ची मधल्या वाटेत ठेवतो म्हटले, तर वाट अडवता येत नाही; आग लागली तर लोकांनी जायचे कुठून? नियम योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कडेची एक खुर्ची काढून तेवढी जागा मोकळी करता येईल का, असे विचारले. खिडकीतल्या गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी नाट्यगृहाचा खांब मागते आहे. “फिक्स आहेत त्या, मॅडम.” २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला आणि सार्वजनिक इमारतींत प्रत्येकाला जाता यावे असे त्यात आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली. कायद्याला त्यांचीही ना नव्हती.

खुर्ची हलूच शकत नाही असे थोडेच आहे! मुंबईतल्याच एनसीपीएच्या एक्स्पेरिमेंटल थिएटरात १९८६ पासून नाटकागणिक खुर्च्यांची मांडणी बदलता येते. कधी रंगमंचाच्या समोर, कधी दोन बाजूंना, कधी चहूकडून. परदेशात अख्ख्या पायऱ्याच्या पायऱ्या कपाटाच्या खणासारख्या भिंतीत सारतात आणि नाट्यगृहाची सभा किंवा नाचाची जागा करतात. आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे सासूबाईंच्या चिरंजीवांनी, खाली वाकून कडेच्या खुर्चीचे पाय पाहिले. चार बोल्ट. “एक पाना आणि दहा मिनिटं,” असा निकाल देऊन ते गुडघे झटकत उठले.

मग त्यांनी दुसरा मार्ग सुचवला. दोघांनी दोन बाजूंनी धरून आईला उचलून रांगेत बसवायचे. सासूबाई एकदम ताठ झाल्या.

“मला उचलून नेऊ नका. मी काय नेपथ्य आहे?”

त्या वाक्यापुढे कोणाची बोलायची छाती झाली नाही.

मार्ग काढला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. वर्गात हा मुलगा कधी शेवटच्या बाकाच्या पुढे आला नाही. आता तो नाटकांच्या पडद्यामागच्या कामात आहे आणि नेमके त्याच नाट्यगृहात त्यांच्या नव्या नाटकाचा प्रयोग होता. फोनवर म्हणाला, “मॅडम, सेट ज्या दाराने आत जातो ना, तिथे पायऱ्या नाहीत. टेम्पो लावून भिंती थेट आत सरकवतो आम्ही. आजींना तिथून आणा. विंगेत बसवतो. मॅनेजरशी बोललोय.”

मी हे ऐकत असताना माझ्या मनात काय आले ते सांगायला हवे. त्या इमारतीत भिंती, सोफे, प्लायवूडची झाडे आत नेण्यासाठी कुणीतरी विचारपूर्वक उतार बांधला होता. तिकीट काढून येणाऱ्या माणसासाठी अकरा पायऱ्या. आणि ज्या बाई नेपथ्यासारखे उचलून घ्यायला तयार नव्हत्या, त्यांना आत नेणारी वाट नेपथ्याचीच निघाली. मी हे सासूबाईंना बोलून दाखवायला धजले नाही. त्या स्वतःच दारापाशी आल्यावर म्हणाल्या, “म्हणजे शेवटी मी सेटबरोबरच आले,” आणि हसल्या. पण ते हसणे नेहमीचे नव्हते.

आम्ही तिघे समोर बसलो आणि त्या विंगेत, अंधारात. मध्यंतरात भेटायला गेले तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कागदी पेला होता आणि चेहरा असा, की आम्ही कशाला आलो!

घरी परतल्यावर रात्री दीड वाजेपर्यंत त्या सांगत होत्या. त्या नाटकात एक घर आणि एक इस्पितळ, अशी दोन चाकांवरची दृश्ये होती. आम्हांला समोरून काय दिसले? दिवे गेले, दिवे आले, घराचे इस्पितळ झाले. सात-आठ सेकंद. त्यांना दिसले ते असे: काळे कपडे घातलेली चार मुले, अनवाणी. जमिनीवर रेडियमच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या, त्यांवर चाके नेमकी यायला हवीत. दिवे जायच्या आधी प्रत्येकाचा हात आपापल्या कोपऱ्यावर. एकजण ओठांतल्या ओठांत आकडे मोजतो. अंधार पडला की चौघे एकदम वाकतात. हूं नाही की चूं नाही. पट्टीवर चाक आले की पायाने खिटी मारायची आणि दिवे यायच्या आत विंगेत नाहीसे व्हायचे. त्यांतल्या एकाचा अंगठा चाकाखाली सापडला होता, पण त्याने तोंडावर हात दाबून धरला. मध्यंतरात त्याला हळद कुठे मिळेल म्हणून सासूबाई विचारत होत्या, तर त्याच्या खिशात मलम तयार होते.

“आणि तो मघाशी बाहेर एवढा रडणारा,” त्या म्हणाल्या, “आत आला, घाम पुसला, म्हणाला, आजी, बिस्किट घ्या. आणि परत रडायला गेला. खरं रडला हो. मी जवळून बघितलं.” त्यांच्या चाकांच्या खुर्चीपाशी येऊन एक मुलगा हळूच म्हणाला होता, “आजी, ब्रेक लावलाय ना? नाहीतर आमच्याबरोबर तुम्हीही एंट्री घ्याल.”

१९६८ साली पुढून पाहिलेली चकती त्यांनी साठ वर्षांच्या आत-बाहेर मागून पाहिली, म्हणायला हरकत नाही. पोळपाटामागचे बोट त्यांना कुठून सुचले ते मला पुढे काही महिन्यांनी जेवणाच्या टेबलावर कळले.

पण त्या रात्री सगळे सांगून झाल्यावर, दिवा मालवता मालवता, त्यांनी मला थांबवले.

“शेवटी दारात कोण येऊन उभं राहिलं गं? सगळे एकदम गप्प झाले ना तुमच्याकडे? मला ती भिंत आडवी आली. मागची पट्ट्या ठोकलेली बाजूच दिसत होती तेवढी.”

लेक उत्साहाने सांगणार होती. सासूबाईंनी तिचा हात धरला.

“नको. सांगू नकोस. मी समोरून बघीन.”

परवा त्या नाटकाच्या पुढच्या प्रयोगाची जाहिरात आली आहे, नाट्यगृह तेच. मी व्यवस्थापकांना पत्र लिहिले आहे: तिसऱ्या रांगेच्या कडेची एक खुर्ची एका प्रयोगापुरती काढावी, तिकिटाचे पैसे आम्ही देऊ, आणि नेपथ्याच्या दारापासून तिथवर फक्त दोन पायऱ्या आहेत, त्यांवर टाकायला फळी आम्ही आणू. पत्राखाली सासूबाईंनी स्वतःची सही केली. चिरंजीवांनी पाना शोधून वर काढून ठेवला आहे. उत्तराची वाट पाहतो आहोत.